केबिन क्रूचं हसू आणि केबिन क्रूचा अधिकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २००९ ते २०२२ विमानात केबिन क्रू होते. माहेर सांगलीच्या गावभागातलं, आता राहायला विश्रामबागला. परत आल्यापासून सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड, वाई इथल्या मुली, मुलगे, आया, नवरे मला प्रश्न पाठवतात. उंची किती लागते, पगार किती मिळतो, हे प्रश्न इथे घेतलेले नाहीत, त्यांची उत्तरं कुठेही मिळतात. सतत हसत राहण्यानं माणसाचं काय होतं आणि विमानात आपलं काही चालतं का, एवढंच इथे आहे. प्रश्न ज्यांनी जसे विचारले जवळपास तसेच ठेवलेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलंय तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. ताई, हे 'भावनिक श्रम' म्हणजे नक्की काय? नुसतं गोड बोलणंच ना?

नाही. ट्रॉली ढकलणं हे हातापायांचं काम, दरवाजा उघडण्याचा क्रम पाठ ठेवणं हे डोक्याचं. त्याशिवाय तिसरं एक काम असतं: समोरच्याला निर्धास्त आणि मानाचं वाटावं म्हणून स्वतःचा चेहरा, आवाज आणि जमलं तर मनसुद्धा एका साच्यात धरून ठेवायचं. त्याचा पगार मिळतो, त्यावर देखरेख असते, त्यात कमी पडलं तर मेमो येतो. म्हणून ते श्रम. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हे नाव रूढ केलं, आणि ज्यांचं काम त्यांनी जवळून पाहिलं त्या विमानातल्या मुलीच होत्या. घरी पाहुणे आल्यावर आपणही राग गिळून चहा पुढे करतो. पण पाहुणा गेला की आईजवळ बोलून मोकळं होता येतं, आणि त्याला पुन्हा बोलवायचं की नाही हे आपण ठरवतो. विमानात या दोन्ही गोष्टी नाहीत.

२. नकली हसलं तर चालतं ना? मनापासून हसायची सक्ती थोडीच आहे?

हॉकशिल्डबाईंनी दोन प्रकार सांगितले आहेत. एक वरचा अभिनय: आत संताप, चेहऱ्यावर हसू. दुसरा खोल अभिनय: संताप येऊच नये म्हणून स्वतःची समजूत घालायची. कंपन्यांना दुसरा हवा असतो. त्यांनी अमेरिकेत पाहिलेल्या प्रशिक्षणात मुलींना सांगत, केबिन म्हणजे तुझ्या घरची बैठकीची खोली समज. चिडलेल्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी दुःख घडलंय असं समज. आम्हालाही साधारण तेच शिकवलं, वर 'अतिथी देवो भव' जोडून.

युक्ती कामाची आहे. चुटकी वाजवून बोलावणारा माणूस दिसला की मी मनात म्हणायची, याची आई दवाखान्यात असेल. राग खरंच निवायचा. पण वर्षानुवर्षं प्रत्येक चुटकीमागे एक आजारी आई उभी केली की आपला राग रास्त असतो तेव्हाही तो ओळखू येईनासा होतो.

माझे थोरले काका गेले तेव्हा तासगावच्या घरी माणसं भेटायला येत होती. मी दारात उभी होते. हात जोडलेले, मान किंचित कलती, येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मी हसत होते. मला पत्ताच नव्हता. पाणी आणायला माजघरात गेले तेव्हा काकूनं, जिचा नवरा गेला होता तिनं, माझ्या दोन्ही गालांवर तळवे ठेवले आणि म्हणाली, "दुखत नाहीत का गं गाल?" तेव्हा कळलं की दुखत होते.

म्हणून माझं उत्तर: वरचं हसू चालतं. निम्मा वेळ तर तेच ठेव. हे आपलं हसणं नाही, हसण्याचं काम चाललंय, एवढं स्वतःला माहीत असलं की दिवसअखेर ते उतरवून ठेवता येतं.

३. हे तर नर्सलाही असतं, एसटीच्या कंडक्टरलाही असतं. विमानाचं एवढं काय विशेष?

बरोबर आहे, मिरजेच्या दवाखान्यांतल्या नर्स हे आमच्याहून जास्त करतात. आणि नातं जुनंच आहे: १९३० मध्ये अमेरिकेत एलेन चर्च ही पहिली विमान परिचारिका झाली, ती शिकलेली नर्सच होती. फरक जागेचा. कंडक्टर गाडी थांबवून भांडखोर माणसाला खाली उतरवू शकतो. आम्ही त्याच माणसासोबत दोन तास बंद असतो आणि त्याच्यासमोरूनच दहा वेळा जावं लागतं.

४. मग विमानात आपलं काही चालतं का? की सगळं मॅन्युअल सांगेल तसं?

हा मला सर्वात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. सेवेच्या बाबतीत जवळजवळ काहीच चालत नाही. कोणतं वाक्य बोलायचं, केस कसे बांधायचे, लिपस्टिकची छटा कोणती, हे सगळं ठरलेलं असतं. पण सुरक्षेची बाब आली की तीच मुलगी अधिकारी होते, आणि हे तिला स्वतःलाच पुष्कळदा कोणी नीट सांगत नाही.

आपण विमानात चहा देण्यासाठी नसतो. दर ५० आसनांमागे एक केबिन क्रू असलाच पाहिजे हा नियम सुरक्षेचा आहे. विमानाच्या मॉडेलला मंजुरी मिळताना निम्मीच दारं वापरून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावी लागतात, आणि ती काढणारा क्रू असतो. ज्या मुलीला आठवडाभर आवाज मऊ ठेवायला शिकवतात, तिलाच पुढच्या आठवड्यात सुरक्षेच्या ट्रेनिंगमध्ये घसा फाटेस्तोवर हुकूम द्यायला शिकवतात. माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुलींना पहिल्या दिवशी ओरडताच येईना. आमच्याकडच्या मुलींना लहानपणापासून हळू बोल, हळू बोल ऐकवलेलं असतं, ते तिथे आडवं येतं.

एकदा पुण्याहून निघताना आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत एक गृहस्थ मांडीवर बॅग घेऊन बसले होते. तिथे टेकऑफला बॅग चालत नाही. दोनदा हसून सांगितलं. ते फोनवरच. तिसऱ्यांदा मी हसू बाजूला ठेवलं. आवाज चढवला नाही, फक्त सपाट केला: "सर, ही बॅग वर गेल्याशिवाय केबिन तयार आहे असं मी कॅप्टनना कळवणार नाही. आणि मी कळवल्याशिवाय विमान उडणार नाही." त्यांनी वर पाहिलं आणि बॅग दिली. त्या वाक्यात उद्धटपणा नव्हता, धमकीही नव्हती. ती फक्त खरी परिस्थिती होती.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. आत ३७९ माणसं होती. घोषणा यंत्रणा बंद पडली होती, क्रूनं मेगाफोन आणि स्वतःच्या आवाजावर काम चालवलं. आठपैकी तीनच दारं वापरण्याजोगी होती. मागच्या दाराजवळच्या क्रूचा कॉकपिटशी संपर्क होईना, तेव्हा तिथलं दार स्वतःच्या निर्णयानं उघडलं गेलं. ३७९ च्या ३७९ माणसं बाहेर पडली. तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण मात्र वाचले नाहीत. केबिन क्रूची स्वायत्तता म्हणजे काय असं कोणी विचारलं की मी ते मागचं दार सांगते.

५. पण कॅप्टनपुढे क्रूचं काय चालणार?

अंतिम शब्द कॅप्टनचाच, नियमच तसा आहे आणि तो योग्य आहे. पण कॅप्टनला मागचं दिसत नाही. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक विमान पडलं, ४७ माणसं गेली. डाव्या इंजिनात बिघाड होता आणि पायलटांनी उजवं बंद केलं. केबिनमध्ये प्रवाशांनी आणि काही क्रूनं डावीकडच्या ज्वाळा पाहिल्या होत्या, पण ही गोष्ट कॉकपिटपर्यंत गेलीच नाही. वरिष्ठांना आपण काय सांगायचं, या सवयीची ही किंमत. असल्या अपघातांनंतर पायलट आणि केबिन क्रूचं एकत्र प्रशिक्षण रुजत गेलं. वास आला, धूर दिसला, आवाज वेगळा वाटला, तर फोन उचल आणि सांग. चुकीचं ठरलं तरी हरकत नाही.

६. रोस्टर आपल्या हातात असतं का? गणपतीला घरी येता येतं?

रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, आपल्या हातात नसतं. अदलाबदल मागता येते, रजा मागता येते, मिळेलच असं नाही. स्टँडबाय (ऐनवेळी बोलावणं येईल अशी ड्युटी) असेल तर बॅग भरून घरात बसायचं. संस्थानच्या गणपतीची मिरवणूक मी तेरा वर्षांत दोनदा पाहिली. घरच्यांनी हे आधीच समजून घेतलं तर मुलीला फोनवर पुन्हा वेगळं हसावं लागत नाही.

७. फ्लाइट लेट झाली की सगळे आमच्यावर ओरडतात. त्या वेळेचे पैसे धरतात का?

बहुतेक ठिकाणी नाही, किंवा फारच कमी. पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो, आणि तो तास मोजतात चॉक्स, म्हणजे उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे, निघाल्यापासून पुन्हा लागेपर्यंत. म्हणजे बोर्डिंग चाललंय, बॅगांवरून भांडणं चाललीत, धुक्यामुळे दोन तास उशीर आहे आणि एसी नीट चालत नाही, या वेळेत घड्याळ बंद. भावनिक श्रम सगळ्यात जास्त लागतात ते नेमके याच वेळात.

हा प्रश्न जगभर पेटलेला आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत डेल्टा कंपनीनं बोर्डिंगच्या वेळेचे निम्म्या दरानं पैसे द्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाचे सुमारे १०,००० केबिन क्रू मुख्यतः याच मुद्द्यावर संपावर गेले. सरकारनं कामावर परतायचा आदेश दिला, तो त्यांनी मानला नाही, आणि काही दिवसांत जमिनीवरच्या कामाला मोबदला देणारा करार झाला. आपल्याकडे करारपत्रावर सही करण्याआधी एवढं विचार: उड्डाणाचा तास कुठून कुठपर्यंत धरता? लेखी उत्तर माग.

८. प्रवासी शिव्या देतो, मुद्दाम हात लावतो. सीनियर म्हणते, कस्टमर आहे, सोड. सोडायचं का?

सोडायचं नाही. इथे सेवा संपते आणि चौथ्या प्रश्नातला अधिकार सुरू होतो. डीजीसीए, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या नियमांत गैरवर्तनाचे तीन स्तर आहेत. पहिला शब्दांचा आणि हावभावांचा, त्याला ३ महिन्यांपर्यंत विमानबंदी. दुसरा अंगाला हात लावण्याचा, ढकलण्याचा, लैंगिक छळाचा, त्याला ६ महिन्यांपर्यंत. तिसरा जिवाला धोका होईल असा, विमानाची मोडतोड, कॉकपिटमध्ये घुसण्याचा प्रयत्न, त्याला किमान २ वर्षं. निर्णय कंपनीची समिती घेते, तिचा अध्यक्ष निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश असतो, आणि तिला ३० दिवसांची मुदत असते. या सगळ्याची सुरुवात तुझ्या रिपोर्टपासून होते. रिपोर्ट नसेल तर काही घडलंच नाही.

त्या क्षणी जागा सोड आणि सहकाऱ्याला पुढे कर. इन-चार्जला सांग, तिच्यामार्फत कॅप्टनला. आसन क्रमांक, वेळ, नेमके शब्द लगेच गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेत) बसून लिही. 'अश्लील बोलला' असं लिहू नको, जे बोलला तेच लिही. आपल्याला ते शब्द लिहायची लाज वाटते, आणि तीच लाज पुढे त्याच्या बाजूनं उभी राहते.

पोलीस तक्रार वेगळी, ती तुझा स्वतःचा हक्क आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो. सांगलीत आल्यावरसुद्धा. पण शक्यतो विमान उतरतं तिथेच दे, साक्षीदार तिथे असतात.

९. आणि त्रास देणारा प्रवासी नसून पायलट किंवा सीनियर असेल तर?

२०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू होतो. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, लेओव्हरचं (दोन उड्डाणांमधल्या मुक्कामाचं) हॉटेल, कंपनीची गाडी, हे सगळं कामाचं ठिकाणच धरलं जातं. तक्रार ३ महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी द्यायची, कारण सबळ असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. लिहायचं कसं ते आठव्या प्रश्नात आहे. मी स्वतः एकदा अशी तक्रार करायला हवी होती आणि केली नाही. ती मुदत टळल्याची रुखरुख अजून आहे, म्हणून इथे आकडा ठळकपणे सांगते: तीन महिने.

१०. आमच्या मुलीला स्थळं येतात तेव्हा लोक म्हणतात, विमानात वाढपीच ना ती? काय उत्तर द्यावं?

काका, काकू, आधी हे की वाढणं हे कमीपणाचं काम नाही. आपल्या घरात ते रोज कोणीतरी करतंच. आणि दुसरं, त्यांना विचारा: माणूस बेशुद्ध पडला तर छाती दाबायची कशी, धुरात दार शोधायचं कसं, बाळंतपण विमानातच सुरू झालं तर काय करायचं, हे तुमच्या घरात कोणाला येतं? तिला येतं, आणि दर वर्षी परीक्षा देऊन ते सिद्ध करावं लागतं. नीरजा भनोत हे नाव त्यांना माहीत असेल. ५ सप्टेंबर १९८६ ला कराचीत अपहरण झालेल्या पॅन ॲमच्या विमानात ती मुख्य पर्सर, म्हणजे केबिन क्रूची प्रमुख, होती. तिनं सूचना दिल्यामुळे पायलट निसटले आणि विमान जमिनीवरच राहिलं. शेवटी प्रवाशांना बाहेर काढताना ती गेली, तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस राहिले होते. तिला अशोकचक्र मिळालं. ती याच कामावर होती.

११. लग्न झालं, मूल झालं की काढून टाकतात ना?

पूर्वी काढत. एअर इंडियात ३५ व्या वर्षी, किंवा नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गर्भारपणाला नोकरी संपायची. नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भारपणाची अट रद्द केली. चार वर्षांच्या लग्नाची अट मात्र तेव्हा योग्य ठरवली, हे मला वाचताना आजही टोचतं. आता २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. व्यवहाराची गोष्ट वेगळी: दिवस गेल्याचं कळलं की उड्डाण बंद होतं आणि उड्डाणभत्ताही थांबतो. त्या काळात जमिनीवरचं काम देतात का, किती पगारावर, हे लग्नाआधीच विचारून ठेव.

१२. वजन वाढलं तर खरंच विमानातून उतरवतात?

हो. २०१४ च्या नियमांत केबिन क्रूचा सामान्य बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) पुरुषासाठी १८ ते २५ आणि बाईसाठी १८ ते २२ धरला होता. दार दोघांना तेच उघडायचं असतं, प्रवासी दोघांना तेवढ्याच वजनाचा ओढायचा असतो. बाईची मर्यादा तीन अंकांनी खाली का, याचं पटेल असं उत्तर मला प्रशिक्षणात कोणी दिलं नाही.

१३. मी मुलगा आहे, वाळव्याचा. मुलांनाही हे सगळं लागतं का?

लागतं, थोडं वेगळ्या रूपात. कोणी दंगा केला की मुलाला पुढे करतात, त्यामुळे दुसऱ्याचा राग अंगावर घ्यायचं काम तुझ्या वाट्याला जास्त येईल. 'पुरुषासारखा पुरुष आणि ट्रे उचलतो' हेही ऐकशील, मुख्यतः आपल्याच भागातल्या प्रवाशांकडून. उलट बाजूही सांगते: एअर इंडियात इन-फ्लाइट सुपरवायझर हे पद पुष्कळ वर्षं पुरुषांपुरतंच होतं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बायकांना ते खुलं करण्याचा निर्णय योग्य ठरवला.

१४. मास्क होते तेव्हा बरं वाटलं असेल ना, हसावं लागत नव्हतं?

मलाही तसं वाटलं होतं. २५ मे २०२० ला देशातली विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही गाऊन, मास्क, फेस शील्ड अशा वेषात. चेहरा झाकला गेला आणि त्याचा सगळा भार आवाजावर आणि डोळ्यांवर आला. घशाला कोरड पडायची. 'क्रू तुसडी होती' अशी तक्रार माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्याच काळात आली.

१५. म्हणजे प्रवाशांबद्दल खरी आपुलकी कधीच नसते?

असते, आणि ती कामाच्या हसण्याहून वेगळी ओळखू येते. कोल्हापूरहून तिरुपतीला जाताना एक आजी होत्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली, पहिलंच विमान. इंजिन सुरू झाल्यावर त्यांनी माझं मनगट पकडलं आणि सोडेनात. टेकऑफला मला माझ्या सीटवर पट्टा लावून बसावंच लागतं, तिथे सूट नाही. मी खाली वाकून म्हटलं, "आजी, मी तिथं समोर बसतीया. माझ्याकडं बघत राहा, मी तुमच्याकडं बघते." जंपसीटवर बसून मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. विमान वर सरळ झालं तेव्हा त्यांनी मला मान डोलावून खूण केली, जणू मलाच धीर देत होत्या.

हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हतं, आणि कुठला नियमही मोडला नाही. अशा जागा असतात. दिवसाला पाच सेक्टर, म्हणजे पाच उड्डाणं, लावले आणि विमान परत फिरायला वीस-पंचवीस मिनिटंच दिली की आधी त्याच जागा जातात. म्हणून आपुलकी हा मला मुलीच्या स्वभावाइतकाच रोस्टरचाही प्रश्न वाटतो.

१६. प्रवासी आपल्या गावचा, ओळखीचा निघाला तर? मोठी अडचण होते.

होते. 'आमच्या तासगावची पोरगी' म्हटलं की कौतुकही असतं आणि हक्कही असतो: पुढची सीट दे, जास्तीचं पाणी दे, फोटो काढू दे. नात्याच्या शब्दाला नात्याच्याच शब्दानं उत्तर द्यायचं आणि नियम तसाच ठेवायचा. "काका, घरी याल तेव्हा पुरणपोळी वाढेन, इथं मात्र पट्टा लावा." फोटो किंवा व्हिडिओ नको असेल तर 'नको' म्हणायचा हक्क तुला आहे. क्रूनं मनाई केल्यावर चित्रीकरण थांबवावंच लागतं, काका असले तरी.

१७. आम्ही साधे प्रवासी. बेल दाबली तर तुम्हाला राग येतो का?

नाही. बेल त्यासाठीच आहे. फक्त टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी गरज असेल तरच दाबा. पाणी देणाऱ्या मुलीकडे एकदा वर बघा, तेवढं पुरतं.

१८. मुलगी घरी आली की दोन दिवस कोणाशी धड बोलत नाही. आमचं काही चुकतंय का?

तुमचं चुकत नाही आणि तिचंही नाही. चार दिवसांत तिनं हजारेक माणसांना नमस्कार केलेला असतो. मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं पहाटे मिरजेला उतरायची. आई दारात प्रश्न घेऊन उभी असायची आणि मी एका शब्दात उत्तरं द्यायची. आईला वाटायचं, पोरीला शिष्टपणा आला. मग आमचं ठरलं: पहिला दिवस शेजाऱ्यांना बोलवायचं नाही, आणि भडंगाचा डबा काढून दोघी मागच्या पायरीवर बसायचं, बोलायचं की नाही ते माझ्यावर. साधारण तिसऱ्या मुठीला मी बोलू लागायची.

मात्र गप्प राहणं आठवडेच्या आठवडे टिकलं, झोप उडाली, विनाकारण रडू येऊ लागलं, कशाचंच काही वाटेनासं झालं, तर तो थकवा समजून सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. बऱ्याच कंपन्यांत सहकाऱ्यांचे मदतगटही असतात.

१९. घरी काही वाईट घडलंय आणि ड्युटी लागली आहे. 'आज उडणार नाही' असं म्हणता येतं का?

येतं. ड्युटीवर हजर होताना आपण उड्डाणाला फिट आहोत हे आपण स्वतःच सांगत असतो. नसू तर तसं सांगणं हा नियमाचाच भाग आहे, कारण डोकं ठिकाणावर नसलेली क्रू दाराजवळ उपयोगाची नाही. आजारपणाच्या रजेचे कागद, वरिष्ठांची नाराजी, बुडालेला भत्ता, हे पुढे येतं. ते येणार हे धरूनच सांगायचं.

मी हे उशिरा शिकले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागात पाणी चढत होतं, आई-बाबा माडीवर अडकले होते, आणि मी दिल्लीच्या फेऱ्या करत होते. प्रत्येक लँडिंगनंतर फोन लावायची, लागायचा नाही, मग दारात उभी राहून उतरणाऱ्या एकशे ऐंशी माणसांना हसून निरोप द्यायची. त्यातल्या एकानं विचारलंसुद्धा, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, "सांगलीची." तो म्हणाला, "टीव्हीवर बघितलं," आणि उतरला. त्या चार दिवसांत सुरक्षेच्या सूचना मी नीट दिल्या की नाही हे मला आजही आठवत नाही, आणि त्याची मला भीती वाटते.

जुलै २०२१ मध्ये कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी होती. मी क्रू कंट्रोलला फोन केला आणि म्हटलं, "मी उद्या फिट नाही." त्यांनी कारण विचारलं. मी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. त्या महिन्यात पैसे कमी आले. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा मी आईबरोबर तांदळाचे डबे माडीवर चढवत होते.